ताईचा फोन, बाबांच्या कानात

ताईचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी चहा गाळत होतो. फोन उचलला, "बोल" म्हटलं, तर पलीकडून काहीच नाही. "हॅलो… ताई, ऐकू येतंय का? हॅलो…" पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे फोन लागलेला होता. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रेंजचं तसंही काही खरं नसतं, म्हणून गॅलरीत जाऊन आलो. तरी तेच. फोन कापणार एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडून बाबा बाहेर आले. हातात पेपर, चष्मा कपाळावर. म्हणाले, "तिला सांग, स्कूटर मी विकणार नाही. आणि द्वारकेच्या चौकात परवा चूक त्या रिक्षावाल्याची होती."

झालं होतं ते असं. बाबांना कानाची यंत्रं नुकतीच लावली होती. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्याचा आणि या यंत्रांचा काही मेळ बसेना. म्हणून कान तपासायच्या केंद्रातल्या मुलीने ती माझ्या फोनला जोडून दिली. घरबसल्या आवाज कमी-जास्त करता येईल म्हणाली, आणि तसा तो करताही यायचा. पण फोनच्या लेखी आता बाबांचे कान हेच माझे कान होते. मी घरात असलो आणि फोन उचलला, की पलीकडचा आवाज थेट त्यांच्याकडे. ताईला मुळात उचलल्या उचलल्या मुद्द्यावर यायची सवय. "हे बघ, बाबांच्या स्कूटरचं काहीतरी कर, काढून टाक ती, पडता पडता वाचलेत परवा," एवढं सगळं तिचं माझ्या पहिल्या "हॅलो"च्या आत बोलून झालं होतं. आणि ज्यांच्याबद्दल बोलून झालं होतं, त्यांनी ते भिंतीपलीकडे खुर्चीत बसून, पेपर वाचता वाचता, दोन्ही कानांनी ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही पोट धरून हसलो. ताईने तिकडून कपाळावर हात मारल्याचं ऐकू आलं, म्हणजे बाबांना ऐकू आलं आणि त्यांनी आम्हाला सांगितलं. पण रात्री पडल्या पडल्या मला एक गोष्ट टोचायला लागली. ताई जे बोलली त्यात नवीन काहीच नव्हतं. स्कूटर काढून टाकायची चर्चा आम्ही गेली काही वर्षं करत होतो. हॉलमध्ये बसून, चांगल्या मोठ्या आवाजात, बाबा आमच्या मधोमध सोफ्यावर बसलेले असताना.

उत्तर पहिल्यांदाच आलं होतं.

बाबांचे कान गेले ते तांब्यापायी. जुन्या नाशकात तांबट आळीत आजोबांचं भांड्यांचं काम होतं. पुढे ओटीवर विक्री, मागे अंधाऱ्या पडवीत ठोकायची जागा. सुट्टीत मला तिथे बसवून ठेवायचे आणि मी बघत राहायचो. घंगाळाचं पोट ऐरणीवर फिरतंय आणि त्यावर मठार पडतोय, एका ठेक्यात, प्रत्येक घाव आधीच्या घावाला जरासा चिकटून. सगळं अंग त्या बारीक चकत्यांनी भरून यायचं आणि दारातून येणारा उजेड त्या प्रत्येकीत वेगळा चमकायचा. शेजारी कल्हई चाललेली असली, की नवसागराचा पांढरा धूर नाकात झोंबायचा. बोळात शिरलं की माणसं बोलणं बंद करून खुणांवर यायची. एका घरातला ठोका थांबला तरी दुसऱ्या घरातला चालूच. कानात कापसाचा बोळा घालायची तिथे कुणाची पद्धत नव्हती. घातला असता तर बाकीचे हसले असते. बाबा शाळा सुटल्यावर त्या पडवीत बसले ते पुढे भांडी बाजारात गाळा घेईपर्यंत.

केंद्रातल्या मुलीने आम्हाला तपासणीचा आलेख दाखवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा बऱ्यापैकी सरळ चालत येतात आणि ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, खड्ड्यात पडतात. सततच्या दणदणाटाने गेलेल्या कानांचा आलेख असाच दिसतो, पहिला खड्डा तिथेच पडतो. बाकीचं पुढे वयाने नेलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला माणूस बोलतोय ते कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही, बरोबर?" बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललं होतं. स, श, फ, थ हे आवाज वरच्या पट्टीतले आणि मुळात नाजूक. ते आधी जातात. भाजीवाली 'साठ' म्हणाली की यांना 'आठ' ऐकू यायचं, आणि बाबा खुशीत दोन किलो घेऊन यायचे. यावर आमचा इलाज म्हणजे ओरडणं. ओरडल्याने स्वर मोठे होतात, 'स' आहे तेवढाच राहतो. म्हणजे आम्ही घसा फोडून बाबांना अधिक मोठ्याने 'आठ' ऐकवत होतो.

आणि ओरडण्याचा कंटाळा येतो. येतोच, नाही म्हणणारा खोटं बोलतो. मग हळूहळू त्या माणसाशी बोलणं कमी होतं आणि त्याच्याबद्दल बोलणं वाढतं. "त्यांना अजून एक पोळी वाढ." "त्यांना नको सांगू, उगाच रात्रभर जागे राहतील." "डॉक्टर काय म्हणाले ते नंतर बोलू," हेसुद्धा त्यांच्यासमोरच. पाहुणे आले की "बाबा कसे आहेत?" हा प्रश्न बाबांकडे बघत, पण मला. बाबा हसरा चेहरा करून सगळ्यांकडे आळीपाळीने बघायचे. ते हसणं समजल्याचं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्हाला ते सोयीचं होतं.

मी कॉलेजात होतो तेव्हा दोन फोन एकमेकांना जोडायचे म्हणजे एक सोहळाच असायचा. आधी इन्फ्रारेडवाले फोन. टेबलावर डोक्याला डोकं लावून ठेवायचे आणि श्वास रोखून बसायचं. मधे कुणी मिसळीची ताटली सरकवली की गेलं. मग ब्लूटूथ आलं आणि कॉलेज रोडचे कट्टे, सीबीएसवरची एसटीची वाट बघणारी रांग, सगळीकडे एकच वाक्य: "ब्लूटूथ चालू कर ना." शोध घेतला की यादीत आजूबाजूच्या फोनांची नावं यायची, आणि ती माणसांनी स्वतः ठेवलेली असायची. कुणी 'नाशिकचा राजा', कुणी नुसतंच 'माझं नाही', कुणी मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं. दोघांनी एकच आकडा टाकायचा, बहुधा ०००० किंवा १२३४, दोघांनी 'हो' म्हणायचं. मग गाणं जायला मिनिटभर तरी लागायचं आणि तेवढा वेळ शेजारी उभं राहणं भाग असायचं. बऱ्याच ओळखी त्या मिनिटात झाल्या. एक लग्न तर मला पक्कं माहीत आहे. आता पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसून यादी उघडली तर डबाभर कंपन्यांची मॉडेलं दिसतात, एकासारखं एक, आणि कुणाला कुणाचं काही घ्यायचं नसतं.

ते आकडे टाकणं २००७ साली आलेल्या नव्या पद्धतीने बहुतेक ठिकाणी संपवलं. आता दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते, ती जुळते का बघायचं आणि बोट टेकवायचं. चांगली पद्धत आहे. मधल्या मधे तिसऱ्याने घुसायला वाव राहत नाही. फक्त त्यासाठी दोन्हीकडे पडदा हवा. कानात घालायच्या वस्तूला पडदा कुठला असायला? मग तिथे विचारणं गाळलेलं आहे. यंत्र काही वेळ 'मी इथे आहे' असं हाकारत बसतं, फोन 'ये' म्हणतो, दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघंही आपापल्या पोटात जपून ठेवतात. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारत नाही. दहा-एक मीटरच्या टप्प्यात आली की किल्ली ओळखायची, जोडून मोकळं व्हायचं. आमच्या घरात नेमकं तेच झालं. माझ्या फोनला विचारलं गेलं, पडदा त्याच्याकडे होता. बाबांना विचारायची सोय कुठल्याच यंत्रात नव्हती, आणि खरं तर माणसांतही नव्हती.

बाबांना हे सगळं समजावून सांगायला बसलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "याला लायसन लागत नाही?" त्यांच्या डोक्यात रेडिओचं लायसन. घरात रेडिओ असेल तर पोस्टात पैसे भरायचे, एका छोट्या पुस्तिकेत तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. आजोबांचं ते पुस्तक अजून ट्रंकेत आहे. मी म्हटलं, नाही लागत. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. खुला म्हटल्यावर सगळे तिथेच. वायफाय तिथे, माउस तिथे, शेजाऱ्यांचा आरतीचा स्पीकर तिथे, आणि दूध गरम करणारा मायक्रोवेव्हसुद्धा साधारण त्याच लहरींवर चालतो. एवढ्या गर्दीत आवाज तुटू नये म्हणून साधं ब्लूटूथ एका जागी उभंच राहत नाही. पट्ट्याचे ७९ भाग, आणि सेकंदाला १६०० वेळा या भागातून त्या भागात उडी. उड्यांचा क्रम फक्त जोडलेल्या दोघांना ठाऊक. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपली आळी." काय ते मला लगेच कळलं. सगळ्या घरांतून ठोके पडत असताना आपल्या भावाचा ठोका कुठला, हे बाबांना पडवीतून न बघता कळायचं.

यंत्रांबद्दलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. या लहरींना पाण्याचं वावडं आहे, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. फोन डाव्या खिशात आणि यंत्र उजव्या कानात असलं तर मधल्या देहामुळे आवाज अडखळतो. त्याहून गंमत म्हणजे, एकाच डोक्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन यंत्रांना एकमेकांशी नीट बोलता येत नाही, कारण मधे डोकं आहे. म्हणून बऱ्याच मॉडेलांत त्या दोघांपुरती वेगळी व्यवस्था असते: एक अगदी जवळच्या अंतरावर चालणारं चुंबकीय क्षेत्र, जे डोक्यातून आरपार जातं. एका यंत्राचा आवाज कमी केला की दुसऱ्याचा आपोआप होतो, तो त्यामुळे.

ताईच्या फोननंतर बाबांनी फर्मान काढलं: "मला कुणाशी जोडू नकोस." माझ्या फोनमधून यंत्रं काढून टाकली. काही दिवस बाबा नुसत्या यंत्रांवर राहिले आणि मग एका सकाळी स्वतःच म्हणाले, चल, एम. जी. रोडला. तिथल्या दुकानातल्या पोराने पाच-सहा फोन पुढ्यात टाकले. "काका, कॅमेरा बघा" असं तो म्हणायचा आणि बाबा म्हणायचे, "याला कान जोडता येतात का ते बघ." पोराला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. जोडणी घरी येऊन बाबांनी स्वतः केली. बॅटरीचं झाकण उघडून मिटलं की यंत्र पुन्हा हाकारायला लागतं, मोजून तीन मिनिटं. ते छोटं सेलही मजेशीर असतं. तपकिरी कागदाची चिकटी काढायची आणि लगेच बसवायचं नाही; त्याला मिनिटभर हवा लागू द्यायची, कारण ते हवेतल्या ऑक्सिजनवर चालतं. मी आणि माझी मुलगी दोघंही ते बसवताना खाली पाडतो. बाबांचा अंगठा हातोडी धरून धरून रुंद झालेला, नखाची कड कायमची काळी, टोकाला घट्टा. त्या अंगठ्यावर ते डाळीएवढं सेल ठेवून ते एक हवेचं मिनिट शांतपणे थांबतात आणि एका फटक्यात जागेवर बसवतात.

घरातल्या चालीरीती बदलल्या. बायको आणि मी खर्चापाण्याचं बोलायला आता गॅलरीत जातो. आईला बडबडताना मधेच थांबून "ऐकताय का?" असं विचारायची सवय लागली आहे, आणि हा प्रश्न तिने त्यांना आधी कधी विचारला असेल असं मला वाटत नाही. बाबांच्या हाती मात्र नवंच शस्त्र आलं. नको ते बोलणं निघालं की त्यांचं सेल संपतं. खरंच संपलं की संपवलं, हे कळायला काही मार्ग नाही, आणि मला वाटतं ती मालकी त्यांच्याकडेच असावी. माझी मुलगी दिवसभर कानात पांढरे खडे घालून हिंडते, हाका मारल्या तरी ओ देत नाही, आणि तिच्याबद्दल कुणी "बिचारी" म्हणत नाही. बाबांनी यंत्रं लावायला इतकी वर्षं का टाळली याचं उत्तर त्या एका शब्दात असावं. आता जेवायला दोघं समोरासमोर बसतात तेव्हा आजोबांचं झाकण उघडलेलं आणि नातीचा आवाज वाढवलेला, असा दोन्हीकडून सत्याग्रह चालू असतो.

स्कूटरचा प्रश्न सुटला असं समजू नका. उलट चिघळला आहे. यंत्रांवर काही घट्ट दाबून बसलं की ती शिट्टी मारतात, आणि हेल्मेट घट्टच बसतं. म्हणून बाबा हेल्मेट घालताना यंत्रं काढून शर्टाच्या खिशात टाकतात. म्हणजे घरात सगळं ऐकू येतं आणि द्वारकेच्या चौकात, जिथे यायला हवं, तिथे काही नाही. ताईला हे कळल्यावर तिचा मुद्दा दुप्पट पक्का झाला. फरक इतकाच, की आता ती फोन बाबांनाच करते. अर्धा-अर्धा तास भांडण चालतं. आम्हाला फक्त बाबांची बाजू ऐकू येते, आणि त्यावरून ताई काय म्हणाली असेल ते आम्ही ताडत बसतो.

गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला बाबांनी सोडली त्याला बरीच वर्षं झाली. उघड्यावरचं भाषण, वारा, मागे नदीवरची गर्दी. कर्ण्यातून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. गेल्या मे महिन्यात मी आग्रहाने नेलं. यंत्रं होती, तरी अर्धंमुर्धंच लागलं. यंत्र जवळचं माणूस छान उचलतं; लांबचा कर्णा, त्याचा घाटावरून फिरून येणारा प्रतिध्वनी आणि शेजारचा दाणेवाला यांची निवड त्याला अजून नीट जमत नाही. २०२० साली जाहीर झालेल्या नव्या ब्लूटूथ ध्वनिपद्धतीत मात्र असं करता येतं, की एका जागेवरून आवाज सोडायचा आणि तिथे बसलेल्या कितीही जणांनी तो आपापल्या कानात घ्यायचा. दोघांचीच जोडी जमवायची अट नाही. अर्थात कानातलं यंत्रही त्या पद्धतीचं लागतं. कालिदास कलामंदिरात अशी सोय झाली तर मागच्या रांगेतले निम्मे आजोबा मध्यंतराला उठून जायचे थांबतील. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आधी तिथले पंखे नीट करा म्हणावं."

टीव्हीसाठी मात्र आम्ही एक छोटी डबी आणली. ती टीव्हीला जोडायची आणि टीव्हीचा आवाज तिच्यातून सरळ बाबांच्या यंत्रांत. बाबा खूश. शेजारच्यांनी लिफ्टमध्ये भेटून आभार मानले, इतका आमचा टीव्ही गाजत असे. पण डबीची तार हेडफोनच्या भोकात खुपसली आहे, आणि तिथे काही खुपसलं की आमच्या टीव्हीचा स्वतःचा स्पीकर गप्प होतो. दुसऱ्या भोकात बसणारी वेगळी तार मिळते, तिने दोन्ही आवाज चालू राहतात. ती आणायची आहे. तोवर रात्री साडेआठची मालिका बाबांना ऐकू येते आणि आईला नुसती दिसते. आधी आई त्यांच्या कानाशी ओरडून संवाद सांगायची, आता बाबा तिला सांगतात, आणि कानात आवाज असल्यामुळे भलत्याच मोठ्याने सांगतात. त्यात त्यांना मालिकेपेक्षा स्वतःची भर घालायची हौस जास्त. काल सासू सुनेला काहीतरी लांबलचक बोलली. बाबा म्हणाले, "ती म्हणतेय, म्हाताऱ्या माणसाची गाडी काढून घेऊ नये, पाप लागतं."

आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "खोटं सांगताय. ती असलं कधीच म्हणायची नाही."